लाल ठिपक्याचा बास

मुरलीधर गणोरकरांना बास गिटार वाजवता येत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. पुढचं वाचताना तसं वाटणार नाही.

त्यांची सगळी नोकरी तोफांच्या कारखान्यात, तपासणी विभागात गेली. तोफही त्यांना चालवता येत नव्हती. पण त्यांनी लाल ठिपका दिलेला भाग गेटबाहेर गेला नाही आणि हिरवा ठिपका दिलेला कधी तक्रार होऊन परत आला नाही. वस्तू वापरता येणं आणि वस्तूबद्दल मत असणं ही दोन वेगळी खाती आहेत, आणि दुसरं खातं वरच्या दर्जाचं आहे, ही त्यांची तेव्हापासूनची श्रद्धा.

बास घरात आला तो नातवामुळे. गौरांगचा कॉलेजात बँड होता. चौघांनाही एकाच आठवड्यात नोकऱ्या लागल्या आणि बँडवर जो घाला पडला त्यातून तो उठला नाही. गौरांग हैदराबादला गेला, बास आजोबांच्या पलंगाखाली गेला. तिथे तो धूळ खात सुखानं राहिला असता, पण मुरलीधरांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. पलंगावर पडून माणूस किती दिवस छत बघणार? त्यांनी मोबाइल उघडला. तिथे एक गोरा माणूस बास गिटार खोक्यातून काढून तिच्यातल्या चुका सांगत होता. पुढच्या व्हिडिओत दुसरा माणूस या पहिल्या माणसाच्या चुका सांगत होता. मुरलीधरांना इतक्या वर्षांनी आपली माणसं भेटली.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. बास म्हणजे चार जाड तारांची गिटार. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात स्टेजच्या मागच्या बाजूला एक माणूस उभा असतो, ज्याच्याकडे कुणी बघत नाही आणि जो फोटोत अर्धाच येतो. तो बास वाजवत असतो. जबलपुरात अशी माणसं मोजायला एका हाताची बोटं पुरतात. त्यांच्याबद्दल मत असलेली माणसं मात्र आमच्या विजय नगरच्या चहाच्या टपरीवर रोज सकाळी अख्खं बाकडं अडवून बसतात.

बाकड्यावर मुरलीधरांच्या समोर दिवाकर बसतात. ते रेल्वेच्या हिशेब तपासणीतून निवृत्त झाले. दुसऱ्याच्या कामात चूक काढण्याची त्यांचीही तेवढीच तयारी, फक्त ते चूक काढणाऱ्याच्या कामात चूक काढतात. तिसरे भय्यासाहेब. त्यांचा मंडप आणि लाउडस्पीकर भाड्यानं देण्याचा धंदा आहे, म्हणजे आमच्यात विजेची तार प्रत्यक्ष जोडणारे ते एकटेच. चौथा मी. कुणीतरी ऐकायलाही लागतं.

"बास बोटांनी वाजवायचा," दिवाकर सांगत. "ते प्लास्टिकचं त्रिकोणी घेऊन जो वाजवतो, त्यानं त्याच्यानं दात कोरावेत."

"बोट रोज वेगळं पडते," मुरलीधर म्हणत. "प्लास्टिकला माप आहे. ज्याला माप नाही त्याच्यावर मी भरवसा काहून ठेवू?"

"आप लोग कुछ भी कहो," भय्यासाहेब म्हणत, "माझ्या डब्यातून दोन्ही सारखेच निघतात. शेजारच्या घरातली भांडी वाजली पाहिजेत. तक्रार नाही आली तर मी समजतो, बासवाला आजारी होता."

मग वादकांची तपासणी होई. एका हॉटेलात पाच तारांचा बास वाजवणारा कुणी होता. मुरलीधरांच्या मते पाचवी तार म्हणजे स्टेपनी. जो माणूस घरातूनच स्टेपनी घेऊन निघतो, त्याचा आपल्या चार चाकांवर विश्वास नसतो. चर्चमधला एक जण वाजवताना हसायचा. दिवाकरांना ते खटकायचं, कारण बासवाला हसला म्हणजे त्यानं नक्की काहीतरी लपवलंय. शहराच्या गढा भागातल्या बुद्धविहाराच्या बँडचा सुमेध डोळे मिटून वाजवायचा. "तपासणीत डोळे मिटणारा माणूस मी उभ्या नोकरीत पाहिला नाही," एवढंच मुरलीधर म्हणाले आणि सुमेधचं प्रकरण बंद झालं.

मतं नुसती मतं राहिली असती तर शैलजाबाईंची काही हरकत नव्हती. त्या मुरलीधरांच्या पत्नी. महाराष्ट्र मंडळाच्या जेवणावळीत चाळीस घरांची भांडी एका जागी येतात आणि कुणाची कढई कुणाकडे जाते ते देव जाणे. म्हणून शैलजाबाईंनी आपल्या प्रत्येक भांड्याच्या बुडाला हिरव्या ऑइलपेंटचा ठिपका दिलेला आहे. या ठिपक्याची भांडी पार शहराबाहेरच्या कुंडम गावापर्यंत जाऊन आली, चमचासुद्धा हरवला नाही. हिरवा ठिपका म्हणजे गणोरकरांच्या घरचं, हे आता सगळ्या मराठी वस्तीला पाठ आहे.

तर एकदा दिवाकरांनी मत दिलं की बासच्या जुन्या तारा पाण्यात उकळल्या की नव्यासारख्या वाजतात. मुरलीधरांचं मत उलट होतं. तार लोणच्यासारखी मुरली पाहिजे. वाद मिटवायला तारा उकळून पाहिल्या, आणि त्या शैलजाबाईंच्या दुधाच्या पातेल्यात उकळल्या. शैलजाबाईंनी त्या पातेल्याच्या बुडाचा हिरवा ठिपका चाकूनं खरवडून काढला आणि पातेलं अंगणात कुत्र्याच्या पाण्याला ठेवलं. ते आता घरचं राहिलं नव्हतं.

तारा नव्यासारख्या झाल्या की नाही, हे कळलं नाही. वाजवून बघणारं कुणी नव्हतं.

वाजवणारी आली ती मार्चमध्ये, एका गुरुवारी. गढ्यात राहणाऱ्या देवीदास रामटेक्यांची मुलगी एकता. देवीदास गाड्यांच्या कारखान्यात आहेत, अजून नोकरीत. मुरलीधरांना ते आजही साहेब म्हणतात, कारखाना वेगळा असला तरी.

बापलेक ओट्यावर बसले. बोलायचं एकताला होतं, पण सुरुवात देवीदासांनी केली.

"साहेब, हे बास वाजवते. सुमेधनं शिकवलं. पण बास सुमेधचा होता जी, आणि सुमेध भोपाळला गेला. बासपण गेला."

"डोळे मिटून वाजवते का?" मुरलीधरांनी विचारलं.

"नाही काका," एकता म्हणाली. "भीती वाटते."

उत्तर मुरलीधरांना आवडलं.

गोष्ट अशी होती. नागपूरचे बापूसाहेब गजभिये हे एप्रिलभर विदर्भात भीमगीतांचा ऑर्केस्ट्रा घेऊन फिरतात. त्यांचा बासवाला ऐन मोसमाच्या तोंडावर सासऱ्याच्या दुकानात बसला. बापूसाहेब रविवारी गढ्याला येऊन एकताचं वाजवणं ऐकणार होते. पसंत पडलं तर सोमवारी सकाळी ती त्यांच्याबरोबर नागपूरला. नाही पडलं तर त्याच सकाळी कुंडमला, तिथल्या एका खासगी शाळेत देवीदासांनी तिच्यासाठी मास्तरकीचं पक्कं करून ठेवलं होतं. बापलेकीचं तसं ठरलं होतं. रविवारपर्यंत पोरीचं ऐकायचं, नाहीच जमलं तर सोमवारपासून बापाचं.

"शाळेत काय शिकवशील?" शैलजाबाईंनी विचारलं.

"संस्कृत," एकता म्हणाली.

"येतं?"

"नाही न काकू. तेच तर."

म्हणजे पोरीला दोन दिवसांसाठी बास हवा होता आणि शहरात वाजवता येईल असा रिकामा बास मुरलीधरांच्या पलंगाखाली होता. मुरलीधरांनी हो म्हणायला एक क्षण घेतला नाही. ते मनानं उदार आहेत. फक्त एवढं म्हणाले, "पण तपासणी केल्याबिना देणार नाही. आमच्याकडे बिना तपासणीची वस्तू गेटबाहेर जात नव्हती, घरातून कशी जाईल? शनिवारी दुपारी घेऊन जा."

देवीदासांना हे अगदी रास्त वाटलं. कारखान्यातल्या माणसाला वाटतंच.

शुक्रवारी सकाळी बास जेवणाच्या टेबलावर आडवा ठेवला गेला. खाली चादर, शेजारी पोलादी पट्टी, भिंग, आणि फटीची जाडी मोजायच्या पातळ पोलादी पत्त्यांचा जुडगा, जो निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी शालीऐवजी दिला होता. बासच्या दांडीवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, सतारीला पडदे असतात तशा. त्यांना फ्रेट म्हणतात. बोट कुठे दाबायचं ते त्यांच्यामुळे ठरतं आणि स्वर जागेवर येतो. सगळे फ्रेट एका उंचीचे असावे लागतात. मुरलीधरांनी पट्टी ठेवली, पत्ता सरकवला, भिंग लावलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद आला की शैलजाबाई स्वयंपाकघरातून बघायला आल्या.

"सातवा वर आहे."

"किती?"

"केसाच्या पाव भागाइतका."

"कुणाच्या केसाच्या?" असं विचारून त्या परत गेल्या.

मुरलीधरांनी जुन्या सवयीनं कपाटातून लाल रंगाची कुपी काढली आणि बासच्या डोक्यावर, जिथे तारा पिळायच्या खुंट्या असतात तिथे, लाल ठिपका दिला. नापास. मग नापास वस्तूचं जे करतात ते करायला घेतलं, म्हणजे दुरुस्ती. लांब सपाट कानस घेऊन त्यांनी सातवा फ्रेट घासला.

अकराच्या सुमारास दिवाकर आले. त्यांनी पत्त्यांचा जुडगा स्वतःच्या हातात घेतला.

"सातवा ठीक आहे," ते म्हणाले. "पण आता आठवा वर आला."

"आठवा होता तिथेच आहे. सातवा खाली गेला."

"म्हणजे माझंच म्हणणं. आठवा वर आहे."

आठवा घासला. मग सहावा डोकं काढून बसला, मग नववा. मुरलीधर घासत होते, दिवाकर तपासत होते. एकानं आयुष्यभर माल नापास केला होता आणि दुसऱ्यानं आयुष्यभर तो नापास करणाऱ्याला नापास केलं होतं. दोन माणसं आपापल्या कामात इतकी वाकबगार असली की मधल्या वस्तूचं काय होतं याकडे लक्ष द्यायला कुणी शिल्लक राहत नाही. मी चहा घेत होतो.

दुपारी भय्यासाहेब डोकावले. कानशीचा आवाज ऐकून त्यांना वाटलं, खिडकीच्या जाळीचं काम निघालं. "जितके खाली तितके चांगले," त्यांनी मत दिलं. "बोट पटापट पळते. मी एका भैयाचा बास पाहिला होता, फ्रेट असे की दिसायचेच नाहीत."

हे मत द्यायला नको होतं, असं भय्यासाहेब आता म्हणतात. तेव्हा मात्र ते देऊन चहा न घेता गेले.

शनिवारी सकाळी घासणं पुन्हा सुरू झालं. दिवाकर सकाळी उठून आले होते तेच मुळी एक नवा मुद्दा घेऊन, की रात्रीच्या गारव्यात धातू आकसतो, म्हणून कालची मापं धरता येणार नाहीत. शैलजाबाईंनी सलग दुसऱ्या दिवशी जमिनीवर पानं मांडली. वाढता वाढता एवढंच म्हणाल्या, "इतकी वर्षं तोफा तपासल्या, त्यांची तोंडं तरी शाबूत राहिली."

जेवणानंतर मुरलीधरांनी शेवटची पट्टी ठेवली. पत्ता कुठेच सरकेना. दिवाकरांनी भिंग घेतलं, वरून खालून पाहिलं, आणि बाकड्याच्या सबंध इतिहासात पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं. सगळे फ्रेट एका मापात होते. ते माप शून्य होतं.

एकता आली तेव्हा बास चकचकीत पुसून ठेवलेला होता. तिनं तो मांडीवर घेतला, दांडीवरून हात फिरवला. पुन्हा फिरवला.

"काका, फ्रेट कुठे आहेत?"

"आहेत न. जागेवरच आहेत," मुरलीधर म्हणाले. "हे बघ, लाकडात चांदीच्या रेघा दिसून राहिल्या न, ते तेच. नुसते वर नाहीत."

एकतानं त्यांच्याकडे पाहिलं, दिवाकरांकडे पाहिलं. तिनं एक तार दाबली आणि छेडली. उन्हात बसलेली म्हैस उठायला नाखूश असते तेव्हा जसा आवाज काढते तसा आवाज आला.

"तारा खाली घेतल्या आहेत," मुरलीधरांनी माहिती पुरवली. "तारा बसतात ती वरची खाचपण घासून दिली. लाकडाला आता कुठे खडखड नाही. एकदम मापात आहे."

"माप ठीक आहे काका. पण मी बोट कुठे ठेवू?"

"रेघेवर. बरोबर रेघेवर. आधी रेघेच्या मागे ठेवत होती, आता वर. परदेशात लोक मुद्दाम असा बास बनवून घेतात, व्हिडिओ आहेत. आवाजात गोडवा येते."

"कुणी सांगितलं गोडवा येतो?" दिवाकर म्हणाले. "गोडवा लाकडातून येतो. फ्रेटचा काय संबंध?"

"काल तर तुम्ही म्हणत होते लाकडाचा काही संबंध नाही."

"काल फ्रेट होते."

शैलजाबाईंनी पोरीच्या हातात सरबताचा पेला दिला आणि दोघांना बाहेर हाकललं. एकतानं सुमेधला भोपाळला फोन लावला, चर्चमधल्या हसऱ्या माणसाला लावला, हॉटेलातल्या पाचव्या तारेला लावला. चर्चवाल्याचा गावाला गेला होता, हॉटेलवाल्याचा त्याच रात्री लागणार होता. सुमेध म्हणाला, "डोळे मिट आणि ऐक," आणि फोन ठेवला. तिनं सरबत संपवलं, पाय दुमडून जमिनीवर बसली आणि सुरू झाली.

ती दुपार विजय नगरनं सहन केली. कुंडीतलं झाड जसं एका बाजूनं वाकत वाकत उजेडापर्यंत जातं, तसा एकेक स्वर खालून सरकत सरकत आपल्या जागेवर पोहोचायचा. काही पोहोचायचे नाहीत. समोरच्या घरातल्या बाईंनी विचारायला माणूस पाठवला की कुणाची तब्येत बिघडलीय का. संध्याकाळी बोटांची टोकं लाल झाली तेव्हा तिनं बास खाली ठेवला.

"काकू, एक विचारू?"

"विचार."

"काकांना राग येईल का, मी रागावले तर?"

"ते खूश होतील," शैलजाबाई म्हणाल्या. "इतकं कुणी त्यांच्या कामाकडे लक्ष देत नाही."

रविवारी बास गढ्याला गेला. नापास वस्तू चाचणीसाठी बाहेर नेता येते, पण तपासनीस सोबत हवा, असा नियम आहे. म्हणून मुरलीधर ऑटोत बास मांडीवर घेऊन बसले आणि एकता पुढे ड्रायव्हरच्या शेजारी अर्ध्या सीटवर. शैलजाबाई, दिवाकर आणि मी मागून दुसऱ्या ऑटोत.

विहाराशेजारच्या सभागृहात भय्यासाहेबांनी आपले लाउडस्पीकरचे डबे लावून ठेवले होते. बापूसाहेब गजभिये उंच, पोट सुटलेले, गळ्यात निळा रुमाल. त्यांच्याबरोबर दोन गायक आणि एक ढोलकवाला. बापूसाहेबांनी एकताला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग बासला, आणि बासच्या डोक्यावर त्यांची नजर थांबली.

"हा लाल ठिपका कायचा, पोरी?"

"नापास झालाय तो."

"कोणी केला नापास?"

"ज्यांनी दिला त्यांनीच."

बापूसाहेबांनी पहिल्या रांगेतल्या मुरलीधरांकडे पाहिलं. मुरलीधरांनी मान झुकवून ओळख दिली.

गाणं सुरू झालं. बापूसाहेब खुर्चीवर बसले नाहीत. ते भय्यासाहेबांच्या डब्याजवळ गेले आणि त्यावर तळहात ठेवून उभे राहिले. पहिला स्वर एकताच्या बोटाखालून निघाला तो शेजारच्या स्वराच्या दुकानात शिरला. ती त्याला ओढत परत घेऊन आली. दुसरा बरोबर बसला. तिसरा पुन्हा भरकटला.

"वर," मुरलीधर कुजबुजले.

"खाली," दिवाकर कुजबुजले.

"आता मापात."

"कुठे मापात? ढोलक जोरात आहे म्हणून वाटून राहिलं तुम्हाला."

दुसऱ्या गाण्याला एकतानं काय ठरवलं ते तिलाच माहीत. पण ती प्रत्येक स्वर मुद्दामच थोडा खालून घ्यायला लागली, गायक घेतात तसा, आणि लयीवर मात्र अशी बसली की ढोलकवाला तिच्याकडे वळून वाजवायला लागला. मागे ऐकायला जमलेल्या बायका टाळ्या धरू लागल्या. गायकांपैकी एकाला वाटलं टाळ्या आपल्याला आहेत, त्यानं हात उंचावला. देवीदास दाराशी उभे होते. त्यांचा एक पाय हलत होता आणि त्याची त्यांना कल्पना नव्हती. एकतानं तिसरं गाणं डोळे मिटून वाजवलं. ते मुरलीधरांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं, हे मी पाहिलं.

गाणी संपली. बापूसाहेबांनी डब्यावरचा हात काढला.

"चालते," ते म्हणाले.

मुरलीधर पुढे झाले. तपासणीचा निकाल एका शब्दात देणारा माणूस त्यांना सहन होत नाही. "बापूसाहेब, सुराचं काय वाटलं तुम्हाला? सातव्या जागेवर जरा घसरून राहिली होती."

"काय?"

"सुराचं," मुरलीधर मोठ्यानं म्हणाले.

"अच्छा, सूर." बापूसाहेबांनी मान एका बाजूला वळवली. "हा कान गेला माझा. इतकी वर्षं ढोलाच्या बाजूला उभा राहून राहिलो. दुसरा असातसा आहे. मी हातानं ऐकतो. ताल पक्का आहे पोरीचा. सुरात माझे गायकच नाहीत, तिला काहून धरू?"

एकता खरोखर सुरात वाजवत होती की नाही, यावर बाकड्यावर आजही दोन मतं आहेत. तिसरं मत भय्यासाहेबांचं. सभागृहामागच्या एका घरातून भांडी पडल्याची तक्रार आली, तेव्हा वाजवणं उत्तम झालं.

जाताना बापूसाहेब म्हणाले, "उद्या सकाळची बस. बास घेऊन ये, हाच. दुसरा शोधायला वेळ नाही."

सोमवारी सकाळी मी मुद्दाम लवकर गेलो. मुरलीधरांच्या फाटकाशी ऑटो उभा होता. देवीदास कारखान्याच्या कपड्यांत, एका हातात पोरीची बॅग. एकता बास पाठीला लावून तयार. आणि मुरलीधर फाटकात उभे होते, आतल्या बाजूनं. दिवाकर नुकतेच पोहोचले होते, दम लागलेला होता, पण एखादं मत सुटू नये म्हणून आले होते.

"वस्तू जाऊ देता येत नाही," मुरलीधर म्हणत होते. त्यांचा आवाज खरोखर दुःखी होता. "कालची गोष्ट वेगळी. काल मी सोबत होतो. लाल ठिपक्याची वस्तू गेटबाहेर जात नाही, देवीदास. तुला तर माहीत आहे."

"माहीत आहे जी," देवीदास म्हणाले. त्यांनी बॅग दुसऱ्या हातात घेतली. "पण साहेब, मला पोरीला एका बसमध्ये बसवून ड्यूटीवर जायचं आहे. दोन्ही गाड्या सकाळच्याच. कोणत्या गाडीत बसवू ते तुम्ही सांगा."

यात विनोदी काही आहे असं त्या दोघांना वाटत नव्हतं.

"काका, ठिपका पुसा न," एकता म्हणाली. "तुम्हीच दिला, तुम्हीच पुसा."

"तसं नसते बेटा. ज्यानं नापास केलं त्यानं पास करायचं नसते, नाही तर उद्या कोणीही उठून करेल. वरच्या अधिकाऱ्यानं मंजूर करावं लागते. दोष आहे, पण चालवून घेऊ, असं त्यानं म्हणावं लागते."

"मग त्यांना फोन लावा."

"अय्यर साहेब." मुरलीधरांनी फाटकाची कडी चाचपली. "ते मागच्या वर्षी वारले. चेन्नईला."

ऑटोवाल्यानं इंजिन बंद केलं. त्यालाही आता काय होतं ते बघायचं होतं. एकतानं पट्टा खांद्यावरून उतरवायला हात लावला. तिनं एकदा बापाच्या हातातल्या बॅगेकडे पाहिलं. त्या बॅगेत वरच्या कप्प्यात संस्कृतचं पुस्तक होतं, देवीदासांनी कालच आणलेलं. त्यांनी तयारी दोन्हीकडची ठेवली होती.

तेवढ्यात शैलजाबाई बाहेर आल्या. एका हातात स्टीलचा डबा, दुसऱ्या हातात हिरव्या ऑइलपेंटची छोटी डबी आणि टोकाला कापूस गुंडाळलेली काडी.

"सरका," त्या म्हणाल्या.

मुरलीधर सरकले. शैलजाबाईंनी एकताला पाठ वळवायला लावली, बासचं डोकं हातात धरलं, आणि लाल ठिपक्याला हात न लावता त्याच्या शेजारी एक हिरवा ठिपका दिला. डब्याच्या बुडाला होता तेवढाच, तसाच. मग फुंकर घातली.

"झालं?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

मुरलीधरांनी चष्मा वर केला, जवळ जाऊन ठिपका पाहिला. अय्यर साहेबांची सही पाहायचे तसाच पाहिला असणार. मग ते फाटकातून बाजूला झाले.

"मंजूर आहे," ते म्हणाले.

शैलजाबाईंनी डबा एकताच्या हातात दिला. "मेथीचे पराठे आहेत. बापूसाहेबांना एकच द्यायचा, त्यांचं पोट पाहिलं मी. आणि डबा परत आणायचा."

"आणते काकू."

"संस्कृतचं पुस्तक राहू दे इथे. नुसतं ओझं."

देवीदासांनी बॅगेची चेन उघडली आणि पुस्तक शैलजाबाईंच्या हातात दिलं. मग ऑटो सुरू झाला आणि नागपूरच्या बसच्या दिशेनं वळला. मागच्या काचेतून बासचं डोकं थोडं वर आलेलं दिसत होतं, एक लाल, एक हिरवा.

शैलजाबाई पुस्तक घेऊन आत गेल्या, आम्ही तिघं फाटकात उभे राहिलो. दिवाकरांचा दम आता पूर्ण ओसरला होता.

"डोक्यावर रंगाचं वजन वाढलं," ते म्हणाले. "आता आवाज जड होणार."

मुरलीधर ऑटो दिसेनासा होईपर्यंत तिकडे बघत होते.

"रंग ओला आहे," ते म्हणाले. "सुकला की हलका होते."